निळा, लाल आणि बिनरंगी

१ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराशेजारी सँडोज कंपनीचं एक गोदाम जळून खाक झालं. आगीत एकही माणूस दगावला नाही. ती विझवायला मारलेलं पाणी मात्र राइन नदीत उतरलं, आणि पुढचा आठवडाभर स्वित्झर्लंड, फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्स हे चार देश ते पाणी आपल्या दाराशी कधी येतंय, याचा हिशेब मांडत बसले. त्या रात्रीचा आणि नंतरच्या लांबलेल्या काळाचा हा घटनाक्रम. आग दिसली तो क्षण इथे शून्य धरला आहे.

उणे ५ वर्षे : १९८१

गोदाम क्रमांक ९५६. जागा श्वाइत्सरहाल्ले, राइनचा डावा काठ, बाझेलच्या वरच्या अंगाला. म्हणजे इथे नदीत जे पडेल ते आधी शहरातून जाणार. शेड मुळात यंत्रसामग्री ठेवण्यासाठी बांधलेली. पुढे तिथे पिंपं आणि पोती आली. आपला शेतकरी ज्याला सरळ ‘औषध’ म्हणतो, त्या मालाची.

मावा मारणारं थायोमेटॉन. सँडोज ते ‘एकाटिन’ या नावाने विकत असे आणि भारतातल्या कृषी सेवा केंद्रांतही ते नाव ओळखीचं होतं. डायसल्फोटॉन, म्हणजे थिमेटचा जवळचा भाऊबंद. केवडा रोगावरचं ऑक्साडिक्सिल. पाऱ्याची संयुगं. काही रंगद्रव्यं. सँडोज हे नावही ठाणेकरांना परकं नाही. कंपनीच्या भारतीय शाखेचा कारखाना कोलशेत रस्त्यावर होता आणि तो परिसर अजूनही सँडोज बाग म्हणूनच ओळखला जातो.

१९८१ मध्ये एका विमा कंपनीच्या तपासनिसांनी हे गोदाम पाहिलं. छताला पाण्याचे फवारे नाहीत. धुराची सूचना देणारं यंत्र नाही. आणि आग लागलीच, तर ती विझवायला वापरलेलं पाणी अडवून धरणारा हौद नाही. ते पाणी गटारातून थेट राइनमध्ये जाईल, हा धोका अहवालात नोंदला गेला. आगीची भीती सगळ्यांनाच असते. आग विझवण्याची भीती त्या अहवालात होती, आणि हौद त्यानंतरही बांधला गेला नाही.

उणे काही तास : शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

शाळेच्या रंगपेटीत एक गडद निळी वडी असते, प्रशियन ब्लू. त्याच रंगाची पोती त्या दिवशी गोदामात लाकडी फळ्यांवर रचून बांधली जात होती. पोत्यांवर प्लास्टिकचा कागद चढवायचा आणि गॅसच्या ज्योतीने शेकायचा, की तो आकसून माल घट्ट धरतो. पद्धत रोजची, हात सरावलेले.

या निळ्या रंगाची एक खोड आहे. ज्योतीचा चटका लागला तरी तो भडकत नाही. राखेखालच्या निखाऱ्यासारखा आतल्या आत धुमसत राहतो. ज्वाळा नाही आणि धूरही जवळपास नाही. तपास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी आगीचं सर्वांत संभाव्य कारण म्हणून याच धुमसण्याकडे बोट दाखवलं. कामगार घरी गेले. पाहणाऱ्याला पोती जशीच्या तशी दिसत होती.

शून्य : रात्री १२ वाजून १९ मिनिटं

गस्तीवरच्या पोलिसांना गोदामाच्या छतातून ज्वाळा दिसल्या. आत सुमारे १,३५० टन माल होता.

अधिक अर्धा तास आणि पुढे

अग्निशामक दल आलं. पिंपं तापून फुटत होती आणि तोफगोळ्यासारखी आकाशात उडत होती. आधी फेस मारून पाहिला, पण एवढ्या धगीपुढे त्याचा टिकाव लागेना. शेजारची गोदामंही रसायनांनी भरलेली. ती पेटली असती, तर त्या रात्रीचं रूपच बदललं असतं. मग पाणी सुरू झालं, आणि अफाट सुरू झालं. त्या रात्री जवळपास १० ते १५ हजार घनमीटर पाणी मारलं गेलं, असा अंदाज आहे.

इथे त्या जवानांना दोष देण्यात अर्थ नाही. हौद नसलेल्या आवारात उभ्या असलेल्या माणसापुढे दोनच वाटा होत्या : गोदामं जळू द्यायची किंवा नदीत विष सोडायचं. त्यातली कुठली निवडायची, हे पाच वर्षांपूर्वी कागदावरच ठरून गेलं होतं.

एक-दोन टक्के माल या पाण्यात विरघळला किंवा पाण्याबरोबर वाहिला. बाकीचा बराचसा जळाला. पाणी उताराला लागलं आणि आवारातल्या पावसाच्या गटारात शिरलं. थोडं फरशीच्या फटींतून, मातीतून खाली झिरपलं. गटाराचं तोंड राइनमध्ये होतं. जे खाली झिरपलं, त्याच्याकडे त्या रात्री कुणाचं लक्ष असण्याचं कारण नव्हतं.

अधिक ३ तास २४ मिनिटं : पहाटे ३.४३

भोंगे वाजले. बाझेल आणि आसपासच्या गावांतली माणसं झोपेतून उठली, ती कुजक्या अंड्यांच्या वासाने. गंधकयुक्त कीटकनाशकं जळताना असाच वास येतो. खिडक्या लावा, घराबाहेर पडू नका, रेडिओ ऐका, अशा सूचना निघाल्या. चेर्नोबिलला जेमतेम सहा महिने झाले होते. भोपाळला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबताना माणसाच्या डोक्यात काय येत असेल, ते वेगळं सांगायला नको. पुढे शहराच्या भिंतींवर एक शब्द उमटला : ‘चेर्नोबाल’. बाल हे बाझेलचं फ्रेंच नाव.

सगळ्यांचं लक्ष वर, धुराकडे होतं.

अधिक पावणेपाच तास : पहाटे ५

आग आटोक्यात आली.

अधिक पावणेसात तास : सकाळी ७

धोका टळल्याचा भोंगा झाला. हवेपुरता तो खरा होता.

नेमकं तेव्हाच उजाडत होतं, आणि पुलावरून जाणाऱ्यांना राइन लाल दिसली. गढूळ तांबूस म्हणावं असा हा रंग नव्हता. नदीत कुणीतरी रंगाचा डबा ओतावा, तसा भडक लाल. हा होता रोडामिन, कापड आणि कागद रंगवण्याचा रंग. जत्रेत मिळणाऱ्या गुलाबी ‘बुढ्ढी के बाल’मध्ये चोरून मिसळलेला आढळतो म्हणून २०२४ मध्ये तामिळनाडूने ज्याच्यापायी त्या मिठाईवर बंदी घातली, तोच.

जलशास्त्रज्ञांना मात्र या कुळातले रंग जिवाभावाचे. नदीतलं पाणी कुठे किती वेळात पोहोचतं हे पाहायला ते असाच रंग मोजून मापून पाण्यात सोडतात आणि खालच्या अंगाला बाटल्या भरत बसतात. रंगाची किंचितशी मात्राही उपकरणाला ओळखू येते. त्या सकाळी राइनमध्ये असाच एक प्रयोग सुरू झाला होता. तो कुणी योजला नव्हता आणि थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं.

छायाचित्रांत आली ती ही लाल नदी. पण मारणारं जे होतं, त्याला रंग नव्हता. डायसल्फोटॉन आणि थायोमेटॉन ही कीटकनाशकं नसांमधला निरोप थांबवण्याचं काम अडवतात. नस एकदा पेटली की पेटलेलीच राहते, स्नायू आखडतात, श्वास बंद पडतो. मावा मरतो तो असा. मासाही तसाच मरतो.

अधिक १२ तास : शनिवार दुपार

एक साधं गणित करून पाहू. बाझेलपाशी राइन सरासरी सेकंदाला सुमारे १,००० घनमीटर पाणी वाहून नेते. म्हणजे रात्रभर मारलेलं सगळं पाणी नदी १५ सेकंदांत वाहते तेवढंच. चमचाभर म्हणायलाही जास्त. मग एवढ्याने नदी कशी मरते?

याचं पहिलं उत्तर मात्रेत आहे. या विषांचा हिशेब लिटरमागे ग्रॅमच्या दशलक्षाव्या भागात होतो. वाहून गेलेल्या मालाचा अंदाज होता १३ ते ३० टन. सायनाइडचं नाव ऐकून आपण दचकतो. इथे टनांनी वाहत होती, ती पिकावर दवासारखी फवारण्यासाठी बनवलेली द्रव्यं.

दुसरं उत्तर नदीच्या चालण्यात आहे. नदी एका वेगाने वाहत नाही. मधला प्रवाह पळतो, काठाकडचा रेंगाळतो. काठाला आडवे दगडी बांध घातलेले असतात, त्यांच्या मागे पाणी भोवऱ्यात गोल गोल फिरत राहतं आणि थोडं थोडं करून मुख्य धारेला परत मिळतं. त्यामुळे विषाचा पट्टा पुढे सरकताना लांबत जातो. त्याचा माथा उतरतो आणि शेपूट वाढत जाते. राइनमधला हा पट्टा लांबून सुमारे ७० किलोमीटरचा झाला. खालच्या अंगाच्या माशाच्या वाट्याला विष कमी आलं, पण ते जास्त वेळ त्याच्या अंगावरून गेलं. पातळ होणं म्हणजे निरुपद्रवी होणं, हा आपला समज नदी दर वेळी खरा करत नाही.

तिसरं उत्तर तळाशी होतं.

अधिक २ दिवस

मेलेले मासे वर येऊ लागले. ट्राउट होते, पाइक होते, पण सर्वांत जास्त होते ते ईल. आपल्याकडच्या वामसारखा लांबट, सापासारखा सुळसुळणारा हा मासा दिवसभर गाळात, दगडांच्या खोबणीत अंग चोरून बसतो. तिथेच खातो, तिथेच श्वास घेतो.

डायसल्फोटॉनसारखी तेलकट द्रव्यं पाण्याहून जड असतात आणि पाण्यात नाखुशीने विरघळतात. मीठ पाण्यात पडलं की दिसेनासं होतं. तेलाचा डाग कपड्याला धरून बसतो. ही द्रव्यं त्या डागाच्या जातीची. गाळाचा बारीक कण आणि त्यातला कुजका पाला दिसला की ती त्याला चिकटतात. आवाराच्या खालीच बिर्सफेल्डनचा जलविद्युत बंधारा आहे. बंधाऱ्यामागे पाणी संथ होतं आणि जे जड ते खाली बसतं. वर लाल पाणी निघून जात असताना नदीचा तळ विष साठवून घेत होता, आणि ईलचं घर तळातच.

लोरेलायच्या प्रसिद्ध खडकापर्यंत, सुमारे ४०० किलोमीटर, राइनमधले ईल जवळपास संपले. मेलेल्या ईलची संख्या दीड लाखाच्या घरात धरली जाते. काठावर जाळीच्या पळ्यांनी ते गोळा करणारी माणसं आणि त्यांच्या पायाशी पडलेले आखडलेले मासे, ही त्या नोव्हेंबरची दुसरी प्रतिमा. निदर्शकांच्या फलकावर ओळ होती : आज मासे, उद्या आपण.

अधिक ४ ते ७ दिवस

पट्टा जर्मनीतून चालला होता. वरच्या देशाने वेळेवर आणि पुरेसं कळवलं नाही, ही खालच्यांची तक्रार. राइनच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय आयोग १९५० पासून होता, इशारा देण्याची व्यवस्थाही कागदावर होती. पण विष पुढे आणि त्याची खबर मागे, असं घडलं.

राइनकाठच्या कित्येक गावांना आणि शहरांना नदीचंच पाणी मिळतं, पण नळ थेट नदीला लावलेला नसतो. काठापासून थोड्या अंतरावर वाळू-गोट्यांच्या थरात विहिरी असतात. विहिरीवरचा पंप उपसू लागला की नदीचं पाणी काठाच्या पोटातून विहिरीकडे ओढलं जातं. वाटेत वाळू आणि तिच्यातले जिवाणू ते गाळतात. नदीकाठी वाळूत खड्डा करून झऱ्याचं पाणी वाटीने भरणाऱ्या आपल्या बायकांना हे शास्त्र पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. बाझेलमध्ये तर राइनचं पाणी जंगलाच्या जमिनीत मुद्दाम जिरवतात आणि मग उपसून पितात.

या व्यवस्थेत पंप हीच किल्ली. तो चालू असेल तर नदी विहिरीकडे येते. बंद केला की जमिनीतलं पाणी पुन्हा आपल्या नैसर्गिक उताराने नदीकडे सरकू लागतं आणि नदीला आत येऊ देत नाही. म्हणून पट्टा जवळ येताच ठिकठिकाणी पंप थांबवले गेले. बॉनजवळच्या काही गावांत टँकर आले. मराठवाड्यातल्या मे महिन्यासारखं चित्र, फक्त शेजारून दुथडी नदी वाहत होती.

अधिक ८ दिवस : ९ नोव्हेंबर

पट्टा नेदरलँड्सच्या हद्दीत पोहोचला. बाझेलपासून सुमारे ७०० किलोमीटर. म्हणजे ताशी साडेतीन-पावणेचार किलोमीटर, रमतगमत चालणाऱ्या माणसाचा वेग. एवढ्या संथ संकटालाही यंत्रणा धापा टाकतच सामोऱ्या गेल्या.

डच लोकांचं अवघं आयुष्य दरवाजे उघडण्या-मिटण्यात गेलेलं. त्यांनी उत्तरेकडच्या शाखा शक्य तेवढ्या बंद ठेवल्या आणि पाणी वाल या मोठ्या शाखेने समुद्राकडे काढलं. पिण्याच्या पाण्याचे साठे वाचले. उत्तर समुद्राने उरलंसुरलं पोटात घेतलं.

वर्तमानपत्रांचा घटनाक्रम इथे संपतो.

अधिक काही आठवडे

श्वाइत्सरहाल्लेच्या गटाराच्या तोंडाशी पाणबुडे उतरले. नदीच्या तळावरचा विषारी गाळ नळीने ओढून काढायचा, असं काम. घरात सांडलेलं पुसतो तसं नदीचा तळ पुसणं. कारण गाळ ही बंद तिजोरी नसते. तो विष धरून ठेवतो आणि पूर आला, बंधाऱ्याचा दरवाजा उघडला, बोटीचा पंखा फिरला की पुन्हा पाण्यात सोडतो. पाऱ्यासारखं मूलद्रव्य तर कुजतही नाही, विरतही नाही. ते फक्त जागा बदलतं.

अधिक ११ महिने : १ ऑक्टोबर १९८७

राइनकाठच्या देशांचे मंत्री स्ट्रासबर्गला जमले आणि त्यांनी राइन कृती कार्यक्रम मंजूर केला. ध्येय एका माशावर बेतलेलं : सन २००० पर्यंत सामन राइनमध्ये परत आला पाहिजे. टक्केवारी आणि मर्यादांच्या तक्त्यांपेक्षा हे कुणालाही कळण्यासारखं होतं. सामन येतो तेव्हा पाणी स्वच्छ असतं, तळ स्वच्छ असतो आणि बंधाऱ्यांतून वाट असते.

हौदही आले. आग विझवलेलं पाणी अडवण्याची सोय हा रासायनिक कारखान्याच्या सुरक्षेचा भाग झाला. युरोपीय समुदायाने मोठ्या औद्योगिक अपघातांचा कायदा १९८८ मध्ये अधिक कडक केला, स्वित्झर्लंडने १९९१ मध्ये स्वतःचा आणला. राइनवर खरोखरच रंग सोडून मोजमापं घेतली गेली आणि त्यातून इशारा देणारं गणिती प्रारूप तयार झालं. आज वर काही सांडलं, तर ते खाली कधी आणि किती पोहोचेल हे सांगता येतं. १ नोव्हेंबरला अपघाताने झालेला प्रयोग पुढे शहाण्यासारखा पुन्हा केला गेला.

अधिक २२ वर्षे : २००८

बाझेलमध्ये, राइनला मिळणाऱ्या बिर्स नदीत, एका गळवाल्याच्या गळाला सामन लागला. नदीतले किडे, शिंपले, गोगलगायी त्याच्या कितीतरी आधी परतले होते. उपनद्यांतून ते वाहत आले आणि रिकामी घरं भरली. नदीचं हेच बळ आहे. ती सतत नवं पाणी आणते आणि जुनं नेते. बिरबलाच्या गोष्टीत शोभावी अशी ही गंमत : चित्रांत सर्वांत भीषण दिसली ती नदीच सगळ्यांत आधी बरी झाली.

अधिक ३० वर्षे

आता त्या रात्री फरशीच्या फटींतून खाली झिरपलेल्या पाण्याकडे वळू.

आवारातली माती खणून काढली, धुतली. बरंच विष निघालं. पण खाली राइननेच हजारो वर्षांत आणून टाकलेले गोटे आणि वाळू आहेत आणि त्यांच्या पोकळ्यांतून भूजल चालतं. हे पाणी नदीच्या मानाने मुंगीच्या पावलांनी जातं. तिथे ऊन नाही, खेळती हवा नाही, उपनदीतून येणारं ताजं पाणी नाही.

इथे द्रव्यांचे स्वभाव उलटे कामाला आले. तेलकट डायसल्फोटॉन मातीला चिकटलं, म्हणून मातीबरोबर उचलता आलं. केवड्यावरचं ऑक्साडिक्सिल मात्र मिठाच्या जातीचं. पाण्यात सहज विरघळणारं, मातीला न धरणारं आणि लवकर न कुजणारं. ते पाण्याबरोबर खाली गेलं आणि पाण्याच्याच चालीने चालू लागलं. आगीनंतर तीस वर्षांनी घेतलेल्या भूजलाच्या नमुन्यांतही ते सापडत होतं. त्या रात्री कुणी त्याचं नावही घेतलं नव्हतं. मासे त्याने मारले नव्हते, नदी त्याने रंगवली नव्हती.

भोपाळमध्येही असंच झालं. वायूची रात्र सरली, पण कारखान्याच्या आवारात टाकलेला कचरा पावसागणिक झिरपत भूजलात उतरत राहिला आणि आजूबाजूच्या वस्त्यांच्या हातपंपांपर्यंत पोहोचला. भोंगा वाजतो तो हवेसाठी. फार तर नदीसाठी. जमिनीखाली जे चालू असतं, त्याचा भोंगा नसतो. तिथे कुणीतरी वर्षानुवर्षं जाऊन बाटली भरून आणावी लागते.

सँडोज आणि सिबा-गायगी या दोन कंपन्या १९९६ मध्ये एकत्र आल्या आणि नोव्हार्टिस झाली. कामगार निवृत्त झाले. त्या पहाटे भोंग्याने जागी झालेली मुलं आता पन्नाशीकडे झुकली. गोदाम ९५६ नाही. निरीक्षण विहिरीतून वर आलेली बाटली उजेडात धरली, तर आत निळं काही दिसत नाही, लालही काही दिसत नाही. पाणी स्वच्छ दिसतं.